तत्त्वज्ञानाच्या उत्तराला गुण कशाचे?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक शंका दरवर्षी कोणीतरी विचारतेच : ‘ज्या प्रश्नावर मोठमोठ्या दार्शनिकांचे एकमत झाले नाही, त्यावरच्या माझ्या उत्तराला दहापैकी सहाच गुण कसे?’ ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर देता येणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.

गुणांचा हिशेब सोपा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली सुचविलेल्या श्रेयांक पद्धतीत ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८ असे उतरत जाऊन केवळ उत्तीर्णाला ४ आणि अनुत्तीर्णाला शून्य श्रेणीगुण असतात. श्रेणीगुणाला विषयाच्या श्रेयांकाने गुणून सरासरी काढतात. चार श्रेयांकांच्या विषयात ‘ए’ मिळाली तर ३२ जमा होतात. पण शिक्षक उत्तराच्या समासात जो पहिला आकडा लिहितो, तो कोठून येतो?

तर्कशास्त्रात अडचण कमी. सत्यता-कोष्टक बरोबर असते किंवा चूक. खरी कसोटी लागते ती ‘परीक्षण करा’ या शब्दांपाशी.

समजा, प्रश्न असा आहे : ‘चार्वाक अनुमानाला प्रमाण मानत नाहीत. या मताचे परीक्षण करा.’ एक विद्यार्थी चार पाने लिहितो. त्यात लोकायत शब्दाची व्युत्पत्ती येते, तूप पिण्याचा प्रसिद्ध श्लोक येतो आणि शेवटी ‘म्हणून हे मत चुकीचे आहे’ असा निकाल येतो. दुसरी विद्यार्थिनी दीडच पान लिहिते. धूर पाहून अग्नीचे अनुमान करायचे तर ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती हवी. सर्व काळांतला धूर कोणी पाहिलेला नाही. व्याप्ती अनुमानानेच सिद्ध करावी तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती लागते, असे ती मांडते. मग आक्षेप घेते : ‘अनुमान भरवशाचे नाही’ हे विधान तरी अनुमानावाचून कसे करणार? त्यावर ती चार्वाकाच्या बाजूने उत्तरही देते : व्यवहारापुरते अनुमान मानावे, त्यापलीकडे नाही. शेवटी ती चार्वाकाचीच बाजू घेते.

तपासणारा शिक्षक पक्का वेदान्ती असला, तरी अधिक गुण तिलाच मिळाले पाहिजेत. पहिल्याचा निष्कर्ष शिक्षकाला पटणारा आहे, पण त्याला आधार नाही. गुण मताला नसतात. त्या मतापर्यंत विद्यार्थी कोणत्या वाटेने आला, याला असतात.

ही कसोटी परकी नाही. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा वेगळे केले आहेत आणि वादात हार कशी होते हे सांगणारी २२ निग्रहस्थाने दिली आहेत. आपलेच प्रतिपाद्य सोडून देणे ही प्रतिज्ञाहानी, विषयाशी संबंध नसलेले बोलणे हे अर्थांतर, तेच ते पुन्हा सांगणे हे पुनरुक्त. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला या तिन्हींची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. मराठी पुस्तकांत ज्याला ‘विगमन’ म्हणतात, त्याला हिंदी पुस्तकांत ‘आगमन’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरची मुले दोन्ही भाषांतली पुस्तके वाचतात. ‘विशिष्ट उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे’ ही कल्पना उत्तरात स्पष्ट असेल, तर शब्दासाठी गुण कापणे म्हणजे तत्त्वज्ञानाऐवजी परिभाषेची परीक्षा घेणे. उलट, पारिभाषिक शब्द अचूक पण कल्पना धूसर, अशा उत्तराला पूर्ण गुण देणेही चूकच.

म्हणून गुणांची वाटणी सत्राच्या आरंभीच फळ्यावर लिहावी. दहा गुणांच्या प्रश्नात मताच्या प्रामाणिक मांडणीला तीन, युक्तिवादाला चार, आक्षेप व त्याच्या उत्तराला तीन, अशी विभागणी करता येईल. मग ‘सहाच का?’ या प्रश्नाला शिक्षक उत्तरपत्रिकेतील नेमक्या ओळीवर बोट ठेवून उत्तर देऊ शकेल. विद्यार्थ्याला ते पटले नाही, तर त्याने कारणे देऊन वाद घालावा. हा विषय शिकवायचा तो त्यासाठीच.