ऊस किती वाजता पोचला, आणि का?

लागवडीची तारीख, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या यांची नोंद आपण ठेवतो. मात्र ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास गेले, हे विचारले तर उत्तर मिळते, “गेला की संध्याकाळपर्यंत!” या मधल्या तासांतच आपला पैसा झिरपतो.

तोडलेला ऊस थांबत नाही. उन्हाने त्यातले पाणी उडते, वजन घटते. काट्यावर वजन होण्याआधी जेवढी घट होते ती सभासदाच्याच माथी. शिवाय कांडीच्या कापलेल्या तोंडातून जिवाणू शिरतात आणि साखरेचे विघटन सुरू होते. जळका ऊस तर आणखी लवकर खराब होतो. म्हणून तोडणीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावे, असे शास्त्र सांगते.

उताऱ्याचा हिशेब सरळ आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरविली आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ दिली. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. तोडणी-वाहतुकीचा खर्चही याच दरातून वजा होतो. रस्त्यात अडकलेल्या ट्रॉलीचा भुर्दंड असा दोन्हीकडून बसतो.

सरासरीवर भिस्त नको

समजा, दोन ट्रॅक्टर एकाच शिवारातून ऊस आणतात. पहिल्याला पाचही खेपांना तीन-तीन तास लागले. दुसऱ्याला चार खेपांना दोन-दोन तास आणि पाचव्या खेपेला सात तास लागले. दोघांची सरासरी तीनच तास! पण शेतकी खात्याला भरवसा कुणाचा? पहिल्याचा. दुसऱ्याचा नेम नाही, म्हणून त्याच्यासाठी हाताशी जादा वेळ धरावा लागतो. बैलगाडी हळू चालते, तरी जवळच्या गावची गाडी कधी पोचेल हे गाडीवान बिनचूक सांगतो. वेग आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून सरासरीबरोबर आणखी एक आकडा पाहावा. २० खेपांपैकी १९ खेपा जेवढ्या वेळात पोचतात, तो वेळ धरून तोडीचा कार्यक्रम आखावा. हा आकडा आणि सरासरी यांत जेवढे अंतर, तेवढी त्या रस्त्याची बेभरवशाची बाजू.

सात कारणे

अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळात महामार्ग संशोधनाचा एक मोठा कार्यक्रम झाला. त्यात प्रवासवेळेचा भरवसा हा स्वतंत्र विषयच होता. वेळ बिघडण्याची सात कारणे तिकडे मानली जातात: अपघात-मोडतोड, हवामान, रस्त्याची कामे, वाहनसंख्येतील चढउतार, खास प्रसंग, फाटक-सिग्नल यांची अडवणूक आणि मुळातच अपुरा रस्ता.

आपल्याकडे यातले काय नाही? ट्रॉली उलटली, टायर बसला. अवकाळी पाऊस आला, काळ्या रानात चाक रुतलं. पुलाचे काम निघाले. सगळ्या टोळ्यांनी सकाळी तोड केली आणि संध्याकाळी यार्डात रांग लागली. बाजाराचा दिवस, गावची जत्रा. रेल्वेचे फाटक. एकच गाडी जाईल असा अरुंद पूल. आपले आठवे कारण म्हणजे शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पाणंद. नकाशावर ती दिसतही नाही. पण वेळ खाते ती तीच.

नोंद कशी ठेवावी?

स्लिपवर चार वेळा लिहाव्यात: भरणी होऊन गाडी शेतातून निघाली, डांबरी रस्त्याला लागली, यार्डाच्या फाटकात पोचली आणि गव्हाणीवर मोकळी झाली. पाणंद, रस्ता आणि यार्ड या तिन्हींचा वेळ मग आपोआप वेगळा निघतो. तोडणी सुरू झाल्याची वेळ सभासदाने स्वतःच्या वहीत लिहावी.

वर दिलेल्या कारणांना एक ते आठ क्रमांक द्यावेत आणि स्लिपवर क्रमांक टाकावा. लांब खुलासा कोणी लिहीत नाही.

सर्वांत महत्त्वाचे असे की, वेळेवर पोचलेल्या खेपांचीही नोंद हवी. फक्त उशिराच्या खेपा लिहिल्या तर बाजाराचा दिवस बदनाम होईल. पण त्याच दिवशी किती गाड्या सुरळीत आल्या, हे कळणारच नाही. बाजाराचे दिवस आणि बाकीचे दिवस, पावसाचे आणि कोरडे, अशी तुलना झाली तरच खरे कारण हाती लागते. पावसाचा आकडा अंदाजाने लिहू नये. महसूल मंडळात ‘महावेध’ची हवामान केंद्रे आहेत, तो आकडा घ्यावा.

कोणी म्हणेल, आता जीपीएस आले, वही कशाला? जीपीएस गाडी कुठे आणि किती वेळ थांबली ते सांगते. का थांबली, ते ड्रायव्हरच सांगतो. दोन्ही हवेत. मात्र ही नोंद दंडासाठी वापरली, तर दुसऱ्या दिवसापासून खोट्या वेळा येऊ लागतील. ड्रायव्हर आणि मुकादम यांना हा विश्वास आधी द्यावा लागेल.

फायदा काय?

दोष पाणंदीचा निघाला तर ग्रामपंचायतीकडे मुरुमाची मागणी आकड्यांनिशी करता येते. दोष यार्डातल्या रांगेचा असेल तर गटवार तोडीच्या वेळा बदलता येतात. त्याला रुपयाही लागत नाही. फाटकाचा असेल तर गाडी अर्धा तास आधी काढावी. आज मात्र सभासद ड्रायव्हरला बोल लावतो, ड्रायव्हर यार्डाला, आणि यार्ड शेतकी खात्याला.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, आपली तोड आली की फडावर घड्याळ घेऊन उभे राहा. गाडी निघाल्याची वेळ स्लिपवर पडल्याशिवाय ती हलू देऊ नका. ऊस आपला आहे, त्याचे तासही आपणच मोजायला हवेत.