बुडत्या जहाजाची वर्दी

१६ सप्टेंबर २०२२ रोजीं सकाळीं, रत्नागिरीच्या पश्चिमेस सुमारें ४१ सागरी मैलांवर, म्हणजे किनाऱ्यापासून पाऊणशें किलोमीटर दूर, 'पार्थ' नांवाच्या जहाजांत पाणी शिरूं लागलें आणि तें आवरेना. जहाज गॅबन देशाच्या निशाणाचें. अरबस्तानच्या किनाऱ्यावरील खोरफक्कान बंदराहून नव्या मंगळूरकडे निघालेलें. पोटांत ३,९११ टन डांबर आणि वर १९ माणसें. त्यांपैकीं १८ भारतीय, एक इथिओपियाचा. साडेनवाच्या सुमारास जहाजानें संकटाची हांक दिली. रत्नागिरीच्या समुद्रांतली ही हांक प्रथम ऐकली गेली ती मात्र मुंबईस, तटरक्षक दलाच्या सागरी बचाव केंद्रांत.

हें कोणास विपरीत वाटेल. परंतु समुद्रावरील बचावाचें सारें रहस्य याच व्यवस्थेंत आहे. १९७९ सालीं हॅम्बुर्ग येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें समुद्राचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची जबाबदारी त्या त्या किनाऱ्यावरील राष्ट्रावर टाकली. भारताच्या वांट्यास आलेल्या विस्तीर्ण जलप्रदेशाचीं तीन मुख्य केंद्रें आहेत: मुंबई, चेन्नई आणि अंदमान. हांक एकाच ठिकाणीं यावी आणि आज्ञाही एकाच ठिकाणाहून सुटावी, हा त्यांतला हेतु. चार ठाण्यांनीं चार हुकूम सोडले, तर दोन नौका एकाच जागीं धांवतात आणि दुसरी जागा ओस राहते.

ही व्यवस्था नव्हती तेव्हां काय होई, हें कोंकणच्या माणसास सांगावयास नको. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच वादळांत गेल्या. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सुमारें सातशें उतारूंपैकीं सहाशेंहून अधिक बुडाले. मुंबई तेथून कांहीं फार दूर नव्हती. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. जे थोडे लोक पोहत किनाऱ्यास लागले त्यांच्याच तोंडून शहरास ती बातमी कळावयाची होती. मदतीस जाणारे हात होते, होड्या होत्या. वर्दी मात्र नव्हती.

वर्दीस एवढें महत्त्व कां, हें थोड्याशा गणितानें ध्यानांत येतें. पाण्यांत पडलेला मनुष्य एका जागीं राहत नाहीं; वारा आणि प्रवाह त्यास नेतात. तो तासाला दोन मैल वाहतो असें धरलें आणि दिशा ठाऊक नसली, तर एका तासानंतर दोन मैल त्रिज्येच्या वर्तुळांत त्याचा शोध घ्यावा लागेल. तीन तासांनंतर सहा मैलांच्या. त्रिज्या तिप्पट झाली, परंतु धुंडाळावयाचें पाणी झालें नऊपट! पहिल्या तासांत जें काम एक नौका करील, त्यास पुढें नऊ नौका पुरावयाच्या नाहींत. कारण दरम्यान पोहणारा थकलेला असतो. म्हणूनच केंद्रांत प्रथम विचारतात तें जहाजाचें स्थान, मग माणसांची संख्या, आणि वाऱ्याची दिशा.

'पार्थ'च्या बाबतींत या प्रश्नांचीं उत्तरें हातीं होतीं. केंद्रानें लागलीच उपग्रहाच्या द्वारें आसपासच्या व्यापारी जहाजांस सावध केलें. संकटांतल्या माणसांस मदत करणें हें समुद्राच्या कायद्यानें प्रत्येक कप्तानाचें कर्तव्यच आहे. तटरक्षक दलाचीं 'सुजीत' व 'अपूर्व' हीं जहाजें तिकडे वळविण्यांत आलीं आणि रत्नागिरीहून हेलिकॉप्टर उडालें. जहाज अखेर बुडालें, परंतु माणसें १९ च्या १९ वांचलीं. अशा वेळीं घटनास्थळीं एका जहाजाच्या नायकास तेथील सूत्रें देण्याची रीत आहे: केंद्र दुरून योजना आखतें, तो डोळ्यांसमोरच्या लाटा पाहून ती अमलांत आणतो.

जमिनीवरचा कारभार निराळा. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. इस्पितळ, पोलीस, बंदरखातें आणि मत्स्यखातें यांस एका सूत्रांत ओवणें त्यांच्याकडे. वांचलेल्यास कोणत्या धक्क्यावर उतरवावयाचें, रुग्णवाहिका कोठें उभी करावयाची, हें आधींच ठरलें पाहिजे. आणखी एक काम कोणत्याही तक्त्यांत ठळक दिसत नाहीं, तें म्हणजे बंदरावर जमलेल्या नातलगांस खरी बातमी देणें. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर अफवा पसरावयास किती वेळ लागतो!

माणसें सुटलीं तरी जहाज उरतें. डांबर तापवूनच जहाजांतून नेतात. थंड पाण्यांत तें घट्ट होतें आणि त्याचें वजन समुद्राच्या पाण्याच्या जवळपास असल्यामुळें सहसा दूर पसरत नाहीं. खरी धास्ती असते ती यंत्राच्या इंधनाची. तें हलकें, पृष्ठभागावर तरंगणारें, आणि सप्टेंबरांत वाऱ्याचा रोख किनाऱ्याकडे असतो. बुडालेल्या 'पार्थ'मधून तेल बाहेर येतांना दिसलें, तेव्हां दक्षिणेकडे विजयदुर्ग-देवगडच्या बाजूस सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रशासनास सावध व्हावें लागलें. खडकांवर कालवें काढणाऱ्या आणि खाडींत तिसऱ्या वेंचणाऱ्या बायकांची मिळकत असल्या तवंगानें सहज बुडते. १९९३ च्या राष्ट्रीय योजनेप्रमाणें भर समुद्रांतील तेलाचा बंदोबस्त तटरक्षक दलानें करावयाचा. किनाऱ्यास लागलें कीं तें काम राज्याच्या यंत्रणेचें.

तथापि या साऱ्या व्यवस्थेचा लाभ मोठ्या जहाजास जितका सुलभ, तितका लहान होडीस नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. मोठें जहाज बुडूं लागलें तर त्यावरील यंत्र उपग्रहास हांक देतें. मच्छीमाराच्या नौकेवर काय असतें? नोव्हेंबर २००९ मध्यें 'फयान' वादळ आलें तेव्हां कोंकणांतल्या कितीतरी नौका भर समुद्रांत सांपडल्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनि क्रमांक चांगलाच, पण मोबाइलची साद किनाऱ्यापासून थोड्याच मैलांत हरवते. मग उरतें तें बिनतारी यंत्र, त्याची सोळावी वाहिनी, आणि जवळचा दुसरा तांडेल. तोच बहुधा आधीं पोंचतो. कोणती नौका कोणत्या दिवशीं किती खलाशी घेऊन गेली, ही नोंद बंदरावर बिनचूक असली तर हरवलेल्यांचा शोध त्याच संध्याकाळीं सुरू होतो. नसली तर मोजणींतच दिवस जातो.

यासाठीं भारतीय अंतराळ संस्थेनें मच्छीमारांकरितां एक लहान यंत्र सिद्ध केलें. कळ दाबली कीं नौकेचें स्थान उपग्रहाच्या वाटेनें बचाव केंद्रास कळतें. पहिल्या यंत्रांत मोठी उणीव ही कीं, आपली हांक कोणी ऐकली कीं नाहीं, हें होडींतल्या माणसास समजत नसे. २०२४ च्या जानेवारींत आलेल्या सुधारलेल्या यंत्रांत ती सोय झाली आहे: हांक पोंचली, असा उलट निरोप आतां नौकेवर येतो. वादळी रात्रीं पाणी उपसणाऱ्या चार खलाशांस तेवढा निरोप पुरतो. ते उपसणें सोडत नाहींत.