ओसऱ्यांची गॅलरी

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ‘गॅलरी’ हा शब्द दोनदा शिकावा लागतो. पहिली गॅलरी म्हणजे खोल्यांसमोरचा लांबलचक सामाईक सज्जा. तिथे पापड वाळतात, परीक्षेचा अभ्यास होतो, भांडणं होतात आणि मिटतात, कोणाकडे पाहुणे आले ते सगळ्या मजल्याला कळतं. दुसरी गॅलरी पुष्कळ वर्षांनी भेटते. ती काळ्या घोड्याजवळची, १९५२ सालची जहांगीर. तिथे माणसं हळू आवाजात बोलतात आणि कशालाही हात लावायचा नसतो. या दोन गॅलऱ्यांचं एकमेकींशी काही नातं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ या संस्थेविषयी वाचत गेलो तेव्हा ते नातं दिसायला लागलं.

‘रो हाउस’ म्हटल्यावर आपल्याकडे नाशिक-पुण्याच्या बिल्डरांच्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात. ते चित्र पुसून टाकायला हवं. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमध्ये, होल्मन स्ट्रीटवर, १९३०च्या दशकात भाड्याने द्यायला बांधलेली लाकडी घरं आहेत. सगळी एकसारखी, एकाच रांगेत, एका खोलीएवढ्या रुंदीची. पुढे छोटी ओसरी, वर त्रिकोणी छप्पर. आत खोलीमागे खोली, मध्ये बोळ नाही, मागच्या खोलीत जायचं तर पुढच्या खोलीतूनच जायचं. या प्रकाराला ‘शॉटगन हाउस’ म्हणतात. पुढच्या दारातून गोळी झाडली तर ती कुठेही न अडता परसदारातून बाहेर पडेल, म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. लोकसंस्कृतीचे अभ्यासक जॉन मायकेल व्लाच यांनी मात्र या घरांचा माग काढत न्यू ऑर्लिन्स, तिथून हैती आणि तिथून पश्चिम आफ्रिका गाठली. बंदुकीशी या नावाचा संबंध नसून ‘लोक जमायची जागा’ अशा अर्थाच्या एका आफ्रिकी शब्दाचा तो अपभ्रंश असावा, अशी शक्यता त्यांनी मांडली. हा तर्क कोणी मानो न मानो, तो त्या घरांना शोभतो. घरात अंग चोरून राहावं लागतं, म्हणून दिवसाचं निम्मं आयुष्य ओसरीवर जातं, आणि ओसरीला लागून ओसरी असल्यामुळे ते शेजाऱ्यांच्या देखत जातं. चाळीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

थर्ड वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. गुलामी संपल्याची वार्ता टेक्सासात १९ जून १८६५ रोजी पोचली. तो दिवस दरवर्षी साजरा करायला हक्काची जागा हवी, म्हणून मुक्त झालेल्या माणसांनी पैसे गोळा करून १८७२ मध्ये इथे दहा एकर जमीन विकत घेतली. तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. काल-परवापर्यंत ज्यांना स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्यांनी पहिल्या संधीला एकत्र जमण्यासाठी जमीन घेतली, हे मला फार मोठं वाटतं. या वस्तीतली पुढची सगळी गोष्ट त्या दहा एकरांतूनच उगवते.

त्या गोष्टीतलं पहिलं नाव जॉन बिगर्स यांचं. थर्ड वॉर्डमधल्या आज टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत १९४९ मध्ये त्यांनी कला विभाग सुरू केला. १९५७ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते पश्चिम आफ्रिका फिरून आले आणि परतल्यावर समोरच्या शॉटगन घरांकडे नव्या नजरेने बघू लागले. बाहेरचे लोक ज्याला झोपडपट्टी म्हणत होते तिथे त्यांना लय दिसली. त्यांच्या चित्रांत त्रिकोणी छपरांमागून त्रिकोणी छपरं येतात, गोधडीच्या ठिगळांच्या नक्षीसारखी, आणि ओसऱ्यांवर बायका खांबांसारख्या ताठ उभ्या असतात. गरिबीचं चित्र काढताना कीव यायला फार वेळ लागत नाही. बिगर्स यांच्या चित्रात ती कुठेही नाही.

दुसरं नाव रिक लोव यांचं. ॲलाबामाच्या ग्रामीण भागात १९६१ साली जन्मलेला हा चित्रकार १९८५ मध्ये ह्यूस्टनला आला. गरिबी, पोलिसांचे अत्याचार असे विषय घेऊन तो मोठमोठी चित्रं आणि प्लायवूडमधून कापलेल्या आकृत्या करत असे. १९९० च्या सुमारास शाळकरी मुलांचा एक गट त्याचा स्टुडिओ बघायला आला. त्यातला एक मुलगा साधंच बोलला. तुमची चित्रं आमच्या वस्तीत काय चाललंय ते दाखवतात, पण ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कलावंत आहात, काहीतरी नवं घडवू शकता, तर मग एखादा उपाय का नाही घडवत?

लोव यांनी हा प्रसंग नंतर अनेकदा सांगितला आहे. त्यांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी त्या मुलाला कलेचं काम काय असतं ते समजावून सांगितलं नाही. त्यांनी तसली चित्रं काढणं थांबवलं आणि वस्तीतल्या समाजकेंद्रात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. होल्मन स्ट्रीटवरची बावीस पडीक शॉटगन घरं त्याच काळात नजरेत भरली. दीड गल्लीभर पसरलेली ती घरं तेव्हा अमली पदार्थांच्या विक्रीसाठी आणि वेश्याव्यवसायासाठी ओळखली जात. शहाण्या माणसांचा सल्ला पाडून टाका असाच असणार. पण बिगर्स यांची चित्रं ज्याने पाहिली होती त्याला तिथे वेगळं काही दिसलं.

१९९३ मध्ये लोव आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलावंत एकत्र आले: जेम्स बेटिसन, बर्ट लाँग, जेसी लॉट, फ्लॉइड न्यूसम, बर्ट सॅम्पल्स आणि जॉर्ज स्मिथ. डेबोरा ग्रॉटफेल्ट यांनी लोव यांच्यासोबत संस्थेची घडी बसवली. घरांची डागडुजी व्हायच्या आधीच पहिलं प्रदर्शन झालं. आत पाऊल ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून कलावंतांनी घरांच्या दर्शनी बाजूवरच काम केलं आणि लोकांनी ते रस्त्यावरून, जाता जाता पाहिलं. प्रदर्शनाचं नाव होतं ‘ड्राइव्ह-बाय’. धावत्या गाडीतून गोळ्या झाडून पळून जाण्याला अमेरिकेत हाच शब्द आहे. ज्या गल्लीला त्या शब्दाची भीती होती, तिथेच तो शब्द चित्रं बघण्यासाठी वापरला गेला.

मग साफसफाई सुरू झाली. सरकारी कला-अनुदान मिळालं, पण अनुदानाने कचरा उचलला जात नाही. चर्चची मंडळी आली, एका तेल कंपनीचे कर्मचारी आले, शहरातल्या प्रतिष्ठित मेनिल संग्रहालयातले लोक हातात ब्रश आणि हातोडे घेऊन आले. बिगर नफा तत्त्वावरच्या संस्थेचं कागदावरचं वर्णन नेहमी कोरडं असतं. तिचं खरं भांडवल म्हणजे सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या घराची फळी बदलायला येणारी ही माणसं. १९९४ मध्ये घरं उघडली. पांढरी रंगवलेली, ओसऱ्या पुन्हा बसण्याजोग्या झालेली.

इथल्या प्रदर्शनांना ‘राउंड’ म्हणतात. साधारण वर्षातून दोनदा नवा राउंड लागतो. प्रत्येक कलावंताला भिंतीचा तुकडा किंवा दालनाचा कोपरा मिळत नाही, अख्खं घर मिळतं. आज सात घरं अशी कलावंतांसाठी आहेत. तिकीट नाही. तुम्ही ओसरीची पायरी चढता, दार ढकलता आणि कोणाच्या तरी घरात शिरावं तसं मांडणशिल्पात शिरता. पांढऱ्या चौकोनी दालनात कलाकृती कुठूनही आणून ठेवता येते. या घरांत तसं करता येत नाही, कारण घरालाच आधीपासून काही म्हणायचं असतं. १९९५ मध्ये व्हिटफील्ड लव्हेल या चित्रकाराने ‘एको’ नावाचं काम केलं तेव्हा त्याने चित्रं टांगली नाहीत. त्याने घराच्या भिंतींवरच, पूर्वी इथे राहून गेली असतील अशा कृष्णवर्णीय माणसांच्या आकृती रेखाटल्या. घराचेच जुने रहिवासी भिंतीतून बाहेर यावेत तसे. ट्रेसी हिक्स या कलावंताने तर वस्तीतल्या लोकांच्या हातात कॅमेरे दिले आणि त्यांनी काढलेल्या फोटोंचा ‘थर्ड वॉर्ड अर्काइव्ह’ उभा केला. वस्तीचं छायाचित्रण करायला बाहेरून नेहमीच कोणीतरी येतं. इथे काय टिपायचं ते वस्तीने ठरवलं.

हे वाचताना मला गिरगावातली केशवजी नाईकांची चाळ आठवत राहते. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणेशोत्सव होतो. चाळीचा देखावा उभा करणारी पोरं स्वतःला कलावंत म्हणवत नाहीत. पण रात्रभर जागून थर्माकोल कापणारा, पडदा रंगवणारा, दिव्यांच्या माळा जोडणारा प्रत्येक मजल्यावर एकजण असतोच, आणि बघणारेही तेच शेजारी. कला आणि वस्ती यांच्यातलं अंतर आपल्याकडेही नेहमी एवढं नव्हतं.

लोव आणि त्यांचे सहकारी प्रदर्शनांवर थांबले असते तरी ती एक उत्तम संस्था झाली असती. बिगर्स यांच्या विचारांतून त्यांनी आपल्यासाठी काही सूत्रं काढली होती: कला आणि सर्जन, शिक्षण, एकमेकांना सावरणारी व्यवस्था, चांगली वास्तू, आर्थिक टिकाऊपणा. यातलं तिसरं सूत्र त्यांनी अक्षरशः घेतलं. रांगेतल्या सात घरांत, कलावंतांच्या घरांच्या पाठीला पाठ लावून, एकट्याने मूल वाढवणाऱ्या तरुण आयांच्या राहण्याची सोय केली. अठरा ते सव्वीस वर्षांच्या मुली, कडेवर लेकरू, शिक्षण अर्धवट. साधारण दोन वर्षं डोक्यावर छप्पर, सोबतीला इतर आया आणि कॉलेज पूर्ण करण्यासाठी आधार. एका बाजूला मांडणशिल्प, दुसऱ्या बाजूला दोरीवर बाळाचे कपडे.

सुरुवातीच्या आयांमध्ये असाटा रिचर्ड्स होत्या. आपल्या लहान मुलाला घेऊन त्या या रांगेत राहायला आल्या, पदवी मिळवली, पेन स्टेट विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट केली आणि थर्ड वॉर्डला परतल्या. ज्या संस्थेने एकेकाळी खोली दिली तिच्याच विश्वस्त मंडळावर त्या बसल्या, आणि वस्तीची माहिती वस्तीच्याच हाती असावी म्हणून त्यांनी संशोधन संस्था सुरू केली. या कामाला कला म्हणायचं की समाजकार्य, असा वाद कलेच्या जगात पुष्कळ झाला. जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी समाज हेच घडवायचं शिल्प अशी कल्पना मांडली होती, आणि लोव तिचा आधार घेतात. मला त्या वादात फार रस नाही. एवढंच दिसतं की कलावंत शेजारी नसते तर त्या सात घरांचं वसतिगृह झालं असतं आणि आया शेजारी नसत्या तर उरलेल्या घरांचं पर्यटनस्थळ. दोघं शेजारी आहेत म्हणून ती वस्ती आहे.

चौथ्या सूत्राचं, वास्तूचं, कामही असंच शेजारधर्माने झालं. राइस विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी शॉटगन घराचा अभ्यास करून नवी छोटी घरं आखली आणि स्वतःच्या हातांनी बांधली. त्यातल्या ‘एक्सएस हाउस’चं आकारमान होतं पाचशे चौरस फूट आणि उद्दिष्ट होतं पंचवीस हजार डॉलरच्या आत घर उभं करण्याचं. २००३ मध्ये परवडणारी भाड्याची घरं बांधण्यासाठी संस्थेने वेगळी शाखा काढली. बावीस घरांचा पसारा वाढत वाढत पाच गल्ल्यांत एकोणचाळीस इमारतींवर गेला.

इमॅन्सिपेशन पार्कसमोरच्या एल्डोराडो बॉलरूमचं मात्र थोडं थांबून सांगायला हवं. ॲना आणि क्लॅरेन्स डुप्री या कृष्णवर्णीय जोडप्याने १९३९ मध्ये हे नृत्यगृह बांधलं. गोऱ्यांच्या सभागृहांत ज्यांना दारातूनही आत जाता येत नव्हतं ती माणसं इथे नटूनथटून येत. रे चार्ल्स, बी. बी. किंग, एटा जेम्स यांचे सूर या भिंतींनी ऐकले. १९७०च्या दशकात दिवे मालवले. १९९९ मध्ये ही इमारत प्रोजेक्ट रो हाउसेसला दान मिळाली, आणि जवळजवळ एक कोटी डॉलर उभे करून, मोठ्या दुरुस्तीनंतर, २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली. मधली चोवीस वर्षं संस्थेने ती विकली नाही. शहराच्या मध्याला खेटून असलेल्या जागेवर किती जणांचा डोळा असेल, हे गिरणगावच्या माणसाला सांगायला नको.

कारण धोका तिथेच आहे. ओसाड रांग सुंदर झाली की आजूबाजूची जमीन महाग होते. ह्यूस्टनमध्ये कुठे काय बांधावं याचे नियम इतर अमेरिकन शहरांपेक्षा फार सैल, आणि थर्ड वॉर्ड तर शहराच्या मध्यभागापासून हाकेच्या अंतरावर. उंच, अरुंद, महागडी नवी घरं एकेका प्लॉटवर येऊ लागली. ज्यांच्यासाठी गल्ली सावरली त्यांनाच तिथलं भाडं परवडेनासं व्हावं, ही भीती लोव यांनी कधी लपवली नाही. त्याच भागाचे तेव्हाचे आमदार गार्नेट कोलमन यांनी सार्वजनिक निधीतून जमिनी विकत घेऊन त्या परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवण्याचा मार्ग लावून धरला. संस्थेने चर्च आणि इतर मंडळांना सोबत घेऊन वस्तीच्या अर्थकारणासाठी परिषद उभी केली. कलादालनाच्या परिचयात जमिनीच्या किमती कशाला, असं कोणाला वाटेल. माझ्या मते या दालनाचं सगळ्यात अवघड प्रदर्शन तेच आहे. बघायला येणारा प्रेक्षक उद्याही त्याच गल्लीत राहतो आहे ना, हे ज्या दालनाला बघावं लागतं, त्याला सातबारा वाचता यायलाच हवा.

रिक लोव यांना २०१४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पुढे ते संस्थेच्या रोजच्या कारभारातून बाजूला झाले आणि इतक्या वर्षांनी पुन्हा चित्रांकडे वळले. मधल्या काळात थर्ड वॉर्डच्या जुन्या लोकांबरोबर ते डॉमिनो खेळत आले होते. आपल्याकडे गॅलरीत कॅरम किंवा पत्ते पडतात तसा तिथे तो डाव पडतो. टेबलावर सोंगट्या जोडत जायचं, बोलत राहायचं, कोण आजारी आहे, कोण घर विकतंय, सगळं तिथेच कळतं. सोंगट्यांची वळणं घेत जाणारी ती रांग वरून पाहिली की गल्लीबोळांच्या नकाशासारखी दिसते. लोव ती रांग कागदावर उतरवू लागले, मग कागदाचे तुकडे कॅनव्हासवर चिकटवून रंगवू लागले. ती चित्रं आता न्यूयॉर्कच्या मोठ्या दालनांत लागतात. जवळ जाऊन पाहिलं तर रंगांच्या थरांखाली एकाला एक लागलेले, एका रांगेतले, छोटे छोटे आयत दिसतात.