बंदुकीच्या नळीची आटेजोडणी
बंदुकीच्या नळीची आटेजोडणी : रायफलीची नळी आणि जिच्यात बोल्ट मागेपुढे सरकतो ती पोलादी चौकट (रिसीव्हर) हे भाग मळसूत्री आट्यांनी एकमेकांस जोडण्याची क्रिया. नळीच्या मागील टोकावर बाहेरून व चौकटीच्या तोंडात आतून आटे पाडलेले असतात. आट्यांच्या पुढे नळीचा व्यास एकदम वाढतो; या पायरीस खांदा म्हणतात. नळी पूर्ण फिरविली म्हणजे खांदा चौकटीच्या दर्शनी पृष्ठावर टेकतो. जर्मन माउझर (१८९८) रायफलीत मात्र नळीचे मागील टोक चौकटीतील आतल्या कड्यावर टेकते.

आटे घट्ट बसले म्हणजे जोडणी पक्की झाली, ही समजूत बरोबर नाही. ७·६२ मिमी. काडतुसातील दारू पेटल्यावर कोठीत दर चौ. सेंमी.ला सु. ३,५०० किग्रॅ. दाब निर्माण होतो. काडतुसाच्या बुडाचा व्यास सु. १ सेंमी. धरल्यास बोल्टावर सु. २,७५० किग्रॅ. भार येतो. तो बोल्टाच्या कानांमधून चौकटीत जातो आणि नळी व चौकट यांना विलग करू पाहतो. आटे ही ओढ सहन करतात. नळी सरळ ठेवण्याचे काम खांद्याचे असते. म्हणून आट्यांत अल्प मोकळीक चालते, परंतु खांदा नळीच्या अक्षाशी काटकोनात नसल्यास चालत नाही. तिरकस खांदा आवळला की चौकटीवर एका बाजूने ताण येतो, बोल्टाच्या कानांवर भार सारखा पडत नाही आणि नेम बिघडतो. सैल आट्यांत पत्र्याची चकती वा डिंकासारखा पदार्थ भरणे हा दोष झाकण्याचाच प्रकार होय.

खरी कसोटी नळीच्या दिशेची व काडतुसाच्या जागेची असते. ईशापूर (पश्चिम बंगाल) येथील कारखान्यात तयार झालेल्या ली-एन्‌फील्ड रायफलीच्या नळीवर इंचास १४ आटे असतात, म्हणजे लगतच्या दोन आट्यांतील अंतर (अंतराल) सु. १·८१ मिमी. असते. दृष्टिवेध नळीवरच बसविलेले असल्याने नळी आवळली जाताच ते नेमके माथ्यावर यावे लागतात. नळी आणखी १० अंश फिरवावयाची असेल, तर खांद्यावरून ०·०५ मिमी. धातू, साध्या कागदाच्या जवळजवळ निम्म्या जाडीइतका, काढावा लागतो. तेवढीच कोठीही बोल्टाकडे सरकते. यामुळे कोठी सुरुवातीस किंचित उथळ ठेवून नळी कायमची बसल्यावरच तिचे शेवटचे कोरकाम करणे श्रेयस्कर ठरते.

बोल्टाचे तोंड व काडतूस ज्यावर टेकते ती कोठीतील जागा यांतील अंतर मापींनी तपासतात. ·३०३ काडतूस कडेवर, तर ७·६२ मिमी. काडतूस आपल्या निमुळत्या खांद्यावर टेकते. अंतर कमी पडल्यास बोल्ट बंद होत नाही, हे लगेच कळते. ते जास्त झाल्यास बोल्ट सहज मिटतो, म्हणूनच हा दोष अधिक घातक. पितळी कवच मागे ताणले जाऊन बुडाजवळ फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या डोळ्यांकडे येऊ शकतो. ली-एन्‌फील्ड क्रमांक ४ मध्ये हे अंतर जुळविण्यासाठी ० ते ३ अशा चार मापांची बोल्टशीर्षे ठेवलेली होती. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने ली-एन्‌फील्डची रचना ७·६२ मिमी. काडतुसासाठी वापरली, तेव्हा वाढीव दाबासाठी चौकटीचे पोलाद अधिक बळकट घ्यावे लागले. जोडणी झाल्यावर जादा दाबाचे काडतूस उडवून चाचणी घेतात व अंतर पुन्हा मोजतात. ते वाढलेले आढळल्यास नळी नाकारतात.

ठासणीच्या बंदुकीत चौकट नसते. नळीचे मागील तोंड आट्यांच्या बुचाने बंद केलेले असते. रानडुकरे व रोही यांचा उपद्रव असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यांत तिचा संबंध शेतीशी येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते व बुचाच्या आट्यांत गंज धरते. गंजलेले बूच वरून घट्टच वाटते, कारण गंजानेच ते धरून ठेवलेले असते. आतील आट्यांचा धातू मात्र खाल्ला गेलेला असतो. भरलेल्या बंदुकीचे बूच कधीही सोडवू नये. शस्त्राची दुरुस्ती व चाचणी व्यवसाय म्हणून करण्यास याच अधिनियमाखाली परवाना लागतो.