संक्रांतीची पेरणी, चैत्राची भाजी



होळी जळाली की थंडी पळाली, असे आपण म्हणतो. म्हणून बहुतेक घरी काकडी, दोडके, कारली यांचे बी परसात टोचतात ते थंडी ओसरल्यावरच. वेल मांडवावर चढतो तोवर एप्रिल लागतो आणि नेमकी तेव्हाच विहीर तळ गाठू लागते. फळ धरायच्या वेळी पाणी नाही, ऊन मात्र ४० अंशांच्या घरात. मग घरातल्या आई-आजीने हंड्याने पाणी वाहायचे आणि हाती यायच्या चार कडू काकड्या.

यावर उपाय सोपा आहे. बी आधी घरात पेरायचे आणि थंडी कमी झाली की तयार रोप परसात लावायचे. त्यामुळे तीन-चार आठवडे हाताशी येतात. कॅनडा-इंग्लंडमध्येही लोक टमाटरची रोपे अशीच घरात करतात. त्यांची शर्यत गोठवणाऱ्या थंडीशी असते, आपली आटणाऱ्या पाण्याशी आणि चढत्या उन्हाशी आहे. लवकर लावलेल्या वेलाला फळाच्या दिवसांत विहिरीचे पाणी मिळते, एवढीच यातली गोम आहे.

पांढुर्णा-सौसरच्या घरांना रोप करणे नवीन नाही. संत्र्याचे कलम बांधायचे तर जंभेरीचे बी आधी वाफ्यात पेरून खुंट तयार करावे लागतात. आंबिया बहाराचा ताण कधी द्यायचा आणि कधी तोडायचा, हे बागाइतदाराच्या घरातले पोरही सांगते. तीच शिस्त परसातल्या भाजीला लावायची आहे.

कोणते बी घरात पेरावे?

मिरची, वांगे, टमाटर यांची रोपे उपटून लावलेली चालतात. त्यांचे बी डिसेंबरच्या शेवटी एका पसरट टोपलीत किंवा खोक्यात पेरावे. थंडीत मिरचीला उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेव्हा धीर सोडू नये. काकडी, दुधी, दोडके, कारले या वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाही. त्यांचे बी संक्रांतीच्या सुमारास एका पिशवीत एक असे पेरावे. भेंडी, गवार, मुळा, गाजर मात्र थेट वाफ्यातच पेरावेत.

पाकिटावरची नावे हिंदीत असतात आणि दुकानात मुलांचा गोंधळ होतो. लौकी म्हणजे दुधी, तोरई म्हणजे दोडके, गिलकी म्हणजे घोसाळे, खीरा म्हणजे काकडी. वाणाच्या नावातही माहिती असते. ‘पुसा’ने सुरू होणारे वाण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे असतात. ही संस्था १९०५ मध्ये बिहारातील पुसा गावी सुरू झाली, १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली, पण गावाचे नाव टिकले. ‘अर्का’ वाण बंगळुरूचे, ‘काशी’ वाराणसीचे, ‘फुले’ राहुरीचे. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिले असेल तर त्या फळाचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नये, कारण पुढची झाडे सारखी निघत नाहीत. बियांना गुलाबी किंवा निळा रंग असेल तर ते औषध आहे. हात धुवावेत आणि ते बी लहान मुलांच्या हाती देऊ नये.

पिशव्या आणि माती

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन घ्याव्यात आणि तळाला चार-पाच भोके पाडावीत. नुसती काळी माती भरू नये. ती ओली झाली की चिकट होते, वाळली की दगडासारखी होते आणि कोवळ्या मुळाला श्वास घेता येत नाही. एक भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत चाळून मिसळावे. ताजे शेण घालू नये, त्याने मुळे जळतात.

बी उबवणे

वेलभाज्यांच्या बियांना उगवायला २५ ते ३० अंश ऊब लागते. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास असतो. अशा गार, ओल्या मातीत बी उगवण्याऐवजी कुजते. म्हणून ते आधी उबवून घ्यावे. काकडीचे बी तीन-चार तास, दुधी-दोडक्याचे सहा-आठ तास आणि जाड सालीच्या कारल्याचे एक-दोन दिवस पाण्यात भिजवावे. मग ओलसर सुती कापडात पुरचुंडी बांधून ती डब्यात घालावी आणि डबा चुलीजवळच्या फळीवर ठेवावा. पूर्वी अशी पुरचुंडी शेणखताच्या ढिगात पुरत, कारण कुजणाऱ्या खतात ऊब असते. कापड रोज पाहावे आणि वाळू देऊ नये. पांढरा मोड दिसला की बी पिशवीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल, मोड खाली करून ठेवावे.

आमची चूक

पहिल्या वर्षी आम्ही पिशव्या वर्गाच्या खिडकीत ठेवल्या, रात्री प्लॅस्टिकने झाकल्या आणि रोज संध्याकाळी हौसेने पाणी घातले. रोपे आठ दिवसांत उंच झाली म्हणून सगळे खूश होतो. पण ती पांढुरकी, लुळी आणि खिडकीकडे वाकलेली होती. संक्रांतीच्या सुट्टीनंतर आलो तर निम्मी रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडली होती. मुले रडवेली झाली. आपण पाणी घातले तरी ती का मेली, असे एका मुलीने विचारले. खरे तर पाण्यानेच मेली होती. रात्रभर ओली माती, कोंडलेली हवा आणि कमी उजेड मिळाला की मातीतली बुरशी कोवळे खोड कुजवते.

तेव्हापासून आम्ही चार नियम पाळतो. बी उगवेपर्यंत ऊब हवी, उगवल्याबरोबर ऊन हवे. पिशव्या सकाळी नऊला बाहेर ओसरीच्या कडेला आणि दिवस मावळण्याआधी आत. पाणी फक्त सकाळी, तेही वरची माती बोटाला कोरडी लागली तरच. आणि सुट्टीच्या दिवसांची पाळी आधी ठरवायची.

परसात लावताना

वेलाला बीजपत्रांखेरीज दोन-तीन खरी पाने आली की रोप तयार समजावे. याला साधारण चार आठवडे लागतात. मिरची-वांग्याला पाच-सहा आठवडे द्यावेत. लावण्याआधी पाच-सहा दिवस पाणी थोडे कमी करावे आणि रोपे रात्रीही बाहेर ठेवून काटक करावीत. फेब्रुवारीच्या मध्यास संध्याकाळी लावणी करावी. पिशवी ब्लेडने चिरून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. पिशव्या गोळा कराव्यात, परसात सोडू नयेत. आळ्यात वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे आणि न्हाणीचे पाणी तिकडे वळवावे.

असे केले तर मार्च संपण्याच्या आत काकडी ताटात येते आणि चैत्रात दुधी-दोडके. टमाटरसाठी तर घाई हवीच, कारण दिवसाचे ऊन ३५ अंशांवर गेले की त्याचा फुलोरा गळू लागतो. वेलाला आधी येणारी फुले बहुधा नर असतात. ती गळाली म्हणून घाबरू नये. मागे इवले फळ असलेले फूल मादीचे.

यंदा प्रत्येक विद्यार्थ्याने दुधाच्या पाच धुतलेल्या पिशव्या शाळेत आणाव्यात. माती आपण मिळून चाळू. घरी आजी-आजोबांना त्यांच्या वेळच्या बी राखण्याच्या रीती विचाराव्यात आणि पेरणी, उगवण, लावणी व पहिल्या फळाची तारीख वहीत लिहावी. पुढच्या वर्षी ती वही पाकिटापेक्षा जास्त कामी येईल, कारण ती आपल्याच गावच्या थंडीची आणि आपल्याच विहिरीच्या पाण्याची असेल.