देह संपल्यावर ‘मी’ उरतो का?

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथवर धातूचे सुटे भाग घडविणारे अनेक लहान कारखाने आहेत. लेथची मोटर जळाली, तर लेथ थांबतो; परंतु तारेतील वीज कायम असते. वीजपुरवठा करणारे जनित्र बंद पडले, तरीही लेथ थांबतो. मात्र या वेळी वीजच उरलेली नसते. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही वेळा थांबलेला लेथच दिसतो.

मानवी मेंदू यांपैकी कशासारखा आहे? तो जनित्राप्रमाणे जाणीव निर्माण करतो, की लेथप्रमाणे ती केवळ प्रकट करतो? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९७ साली एका व्याख्यानात असाच भेद मांडला होता. मेंदूला इजा झाल्यास स्मृती व स्वभाव बदलतात. भूल दिल्यास जाणीव लोपते. यावरून बहुतेक शास्त्रज्ञ जाणिवेला मेंदूचीच निर्मिती मानतात. जेम्स यांच्या मते मात्र एवढ्यावरून निर्णय होत नाही. त्यासाठी मृत व्यक्तीस ठाऊक असलेले आणि जिवंत माणसास अन्य मार्गाने न मिळू शकणारे ज्ञान आढळावे लागेल.

बंगळुरूतील ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या सत्वंत पसरीचा आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी अशा एका प्रकरणाचा अभ्यास करून १९८० साली अहवाल प्रसिद्ध केला. नागपूरची एक उच्चशिक्षित मराठी स्त्री १९७४ पासून अधूनमधून बंगाली बोलू लागली होती. त्या अवस्थेत ती स्वतःस ‘शारदा’ म्हणवी, तिला मराठी समजत नसे आणि ती जन्मदात्या आईवडिलांनाही ओळखत नसे. आपण जुन्या काळातील बंगालच्या असून आपणास सर्पदंश झाला होता, असे ती सांगे.

तिने सांगितलेली काही पुरुषांची नावे बंगालमधील एका घराण्याच्या वंशावळीत सापडली. परंतु त्या वंशावळीत स्त्रियांची नावे नव्हती. त्यामुळे शारदा खरोखर होऊन गेली काय, हे ठरले नाही. शिवाय त्या स्त्रीने पूर्वी संस्कृतचा अभ्यास केला होता व बंगाली वाचनाचे थोडे धडेही घेतले होते. तेवढ्याने असे संभाषण जमणार नाही, असे स्टीव्हन्सन यांचे मत होते. टीकाकारांना ते पटले नाही.

मृत्यूनंतर ‘मी’ उरतो, हे या प्रकरणाने सिद्ध झाले नाही. मात्र देह तोच असताना ‘मी’ किती पालटू शकतो, हे त्या आईवडिलांनी जिवंतपणीच अनुभवले. श्रद्धा आणि पुरावा यांतील अंतर ओळखून विचार करणे, हीच या प्रश्नाकडे पाहण्याची विवेकी रीत होय.