राजवायूंवरचा आळशीपणाचा शिक्का

शाळेत आवर्तसारणी घोकताना अठराव्या गणापाशी पोचलं की जीव भांड्यात पडायचा. हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. ‘अष्टक पूर्ण, म्हणून अभिक्रिया नाही.’ संपला धडा. या उत्तराला गुणही मिळायचे. हेलिअमकडे मुळात दोनच इलेक्ट्रॉन असतात, अष्टक कुठलं, असं कोणी विचारलं नाही.

शिक्का जुना आहे. रॅले आणि रॅम्झी या शास्त्रज्ञांनी १८९४ साली हवेतून अरगॉन वेगळा काढला. तो कशालाच दाद देईना, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं.

पण अष्टक पूर्ण असणं म्हणजे दाराला कुलूप नव्हे. अणू जितका मोठा, तितका बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर आणि त्याच्यावरची पकड सैल. झेनॉन असाच मोठा अणू. तो फ्लुओरीनशी संयुग करील, असं रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्येच सांगितलं होतं. त्याच वर्षी झालेला प्रयोग फसला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं विषय थंड पडला. माझ्या मते प्रयोगापेक्षा पाठ्यपुस्तकातल्या त्या एका वाक्याचाच धाक मोठा होता.

ही कोंडी फोडली ती रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी. ते तेव्हा कॅनडात, व्हँकुव्हरच्या विद्यापीठात होते. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हा लालभडक वायू ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन हिसकावतो, हे त्यांना दिसलं होतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा मोलमागे सुमारे ११७५ किलोज्यूल. झेनॉनचा आकडा पाहिला तर ११७०. म्हणजे झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढणं किंचित सोपंच! २३ मार्च १९६२, शुक्रवारची संध्याकाळ. दोन वायूंमधला काचेचा पडदा फोडताच, साध्या खोलीच्या तापमानाला, पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत (या नावाचा वायूशी संबंध नाही) झेनॉन आणि फ्लुओरीन निकेलच्या भांड्यात ४०० अंश सेल्सिअसला तापवून झेनॉन टेट्राफ्लुओराइडचे स्फटिक मिळाले. झेनॉन ट्रायऑक्साइड तर कोरडं असताना स्फोट होऊन फुटतं. हा निष्क्रियपणा!

‘निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी’ हाही असाच समज. बंद टाकीत अरगॉन साचला तर वास न येता माणूस गुदमरतो. रेडॉन किरणोत्सारी आहे आणि तो फुप्फुसाच्या कर्करोगाचं एक कारण ठरला आहे. ‘दुर्मीळ वायू’ हे बिरुदही अरगॉनला शोभत नाही. हवेत तो ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपट. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे २६० लिटर.

एक गैरसमज आपल्या कोकणातला. १८६८ च्या सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलिअम शोधला, असं अभिमानाने सांगतात. ते ग्रहण झालं तेव्हा लॉकयर इंग्लंडमध्ये होते. भारतात गुंटूरला होते ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकयर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर रॅम्झी यांना हेलिअम पृथ्वीवरच्या खनिजात सापडून जवळजवळ तीन वर्षं झाली होती.

पुन्हा संयुगांकडे वळू. झेनॉननंतर अरगॉनही २००० साली हेलसिंकीत नमला. अतिशीत तापमानात त्याचं हायड्रोजन आणि फ्लुओरीनसोबतचं संयुग पकडलं गेलं. निऑनचं मात्र खरा रासायनिक बंध असलेलं एकही स्थिर, उदासीन संयुग आजवर कोणाच्या हाती लागलेलं नाही.